सी प्रोग्राममधून पीआयडीची कमाल मर्यादा शोधताना

आपण शिवाजीनगरमधील एका छोट्या चमूत काम करता, आणि आपल्या डेमनला (पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या प्रोग्रामला) सुरू होताना स्वतःचा पीआयडी, म्हणजे चालू प्रोसेसचा ओळखक्रमांक, एका लॉक फाइलमध्ये लिहायचा आहे. त्यासाठी पीआयडी जास्तीत जास्त किती मोठा असू शकतो हे प्रोग्रामला स्वतःलाच शोधता यावे, अशी आपली अपेक्षा आहे. आपण लिमिट्स.एच हे हेडर चाळले, पण तिथे पिड_मॅक्स नावाचे काही सापडले नाही. मग प्रणालीच्या मर्यादा सांगणाऱ्या सिसकॉन्फ या फंक्शनला चाइल्ड_मॅक्सविषयी विचारले, तेव्हा ६३ हजारांच्या आसपासचा आकडा मिळाला. त्याच मशीनवर चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस या आज्ञेच्या यादीत मात्र दोन लाखांच्या वरचे पीआयडी दिसत होते, म्हणून यातला खरा आकडा कोणता, असे आपण विचारले आहे.

दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. 'एका वेळी किती प्रोसेस चालू शकतात' हा एक प्रश्न आणि 'प्रोसेसला मिळणारा क्रमांक किती मोठा असू शकतो' हा दुसरा. आपल्याला बफरचा (क्रमांक अक्षरांत लिहिण्यासाठी राखलेल्या जागेचा) आकार ठरवायचा असेल, तर या दोन्हींपेक्षा वेगळा असा तिसराच प्रश्न विचारायला हवा : 'पीआयडी ज्या प्रकारात साठवला जातो, त्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या कोणती?' या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रोग्राम कंपाइल होतानाच ठरलेले असते आणि ते मशीनच्या मालकाला बदलता येत नाही, म्हणून मी त्याच्यापासून सुरुवात करतो. फंक्शनांची आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहितो आहे, मॅन्युअलमध्ये शोधताना ती आपण ओळखालच.

युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने पीआयडीसाठी पिड_टी हा प्रकार दिला आहे, आणि त्याविषयी एवढेच सांगितले आहे की तो चिन्हासहित पूर्णांकाचा प्रकार असावा आणि निदान एका प्रोग्रामिंग वातावरणात त्याची रुंदी लाँगपेक्षा जास्त नसावी. कमाल पीआयडी सांगणारा कोणताही स्थिरांक मानकात नाही, म्हणूनच आपल्याला लिमिट्स.एचमध्ये काही सापडले नाही. ही मानकाची विसरभोळी चूक नसून मुद्दाम ठेवलेली मोकळीक आहे, कारण क्रमांक कसे वाटायचे हा प्रत्येक कर्नलचा (प्रणालीच्या मूळ भागाचा) घरचा प्रश्न आहे. चिन्ह मात्र आवश्यक आहे. नवी प्रोसेस काढणारे फोर्क अयशस्वी झाल्यास उणे १ परत येतो, किल या फंक्शनला उणे १ पेक्षा लहान संख्या दिली तर संदेश (सिग्नल) त्या क्रमांकाच्या संपूर्ण प्रोसेस गटाला जातो, आणि मुलाची वाट पाहणाऱ्या वेटपिडलाही तशाच संख्येतून गट सुचवला जातो. खऱ्या प्रोसेसचा क्रमांक धन असतो, बाकीच्या संख्या या खास अर्थांसाठी राखून ठेवलेल्या आहेत.

पिड_टीची कमाल संख्या काढण्याचा सरळ मार्ग असा : साइझऑफने मिळालेल्या बाइट्सना ८ ने गुणून बिटांची संख्या काढावी, पिड_टी प्रकारातील १ हा अंक त्यापेक्षा दोन कमी स्थाने डावीकडे सरकवावा, त्यातून १ वजा करावा, दोनाने गुणावे आणि १ मिळवावा. हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण एकदम एक कमी स्थान सरकवले तर तो १ चिन्हाच्या बिटावर जाऊन बसतो, आणि चिन्हासहित प्रकारात तसे करणे सी भाषेच्या नियमांत बसत नाही. ३२ बिटांच्या पिड_टीवर या रीतीने २१४७४८३६४७ ही संख्या मिळते, आणि मधल्या कोणत्याही पायरीवर ओव्हरफ्लो होत नाही.

बफरसाठी तर एवढ्या गणिताचीही गरज नाही. एका बाइटमध्ये २५६ मूल्ये मावतात आणि ती जास्तीत जास्त तीन दशांश अंकांत लिहिता येतात, म्हणून बाइट्सची संख्या तीनने गुणून त्यात चिन्हासाठी एक आणि शेवटच्या शून्य अक्षरासाठी एक मिळवला की झाले. चार बाइटच्या पिड_टीसाठी हा आकार १४ येतो. प्रत्यक्षात १२ अक्षरे पुरतात, पण दोन बाइट वाचवण्यासाठी लॉगॅरिदम मांडत बसावे असे मला कधी वाटले नाही. हा आकार साइझऑफवर आधारलेला असल्यामुळे उद्या एखाद्या प्रणालीवर पिड_टी आठ बाइटचा निघाला, तरी तोच मजकूर पुन्हा कंपाइल केला की पुरतो.

छापतानाही तीच शिस्त पाळावी. पिड_टी म्हणजे इंटच असणार असे गृहीत धरून %डी वापरणे लिनक्सवर चालून जाते, कारण ग्लिबसी या तिथल्या नेहमीच्या सी लायब्ररीमध्ये तो इंटच आहे, पण पिड_टीची किंमत इंटमॅक्स_टीमध्ये बदलून %जेडीने छापणे ही सर्वत्र चालणारी रीत आहे. वाचताना स्ट्रटोआयमॅक्स वापरावे, आणि त्याआधी एररनो (त्रुटीचा कोड ठेवणारा चल) शून्य करावा. नंतर एकही अंक वाचला गेला नाही असे तर झाले नाही ना, अंकांनंतर भलतेच काही आले आहे का, आणि मर्यादेबाहेरची संख्या आल्याचा इशारा मिळाला का, या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. शेवटी मिळालेली संख्या पिड_टीत घालून पुन्हा बाहेर काढावी आणि ती तशीच राहिली का ते पाहावे. एटीओआयने पीआयडी वाचणारा मजकूर मी परीक्षणात मान्य करत नाही. फाइल रिकामी असेल तर एटीओआय शून्य देते, आणि किलला शून्य दिला की संदेश आपल्याच प्रोसेस गटातील सर्वांना जातो.

एवढ्या बारकाव्यात शिरण्याचे कारण अनुभवाचे आहे. काही वर्षांपूर्वी हिंजवडीतील एका कंपनीत मी काम करत असताना तिथल्या एका जुन्या डेमनमध्ये पीआयडीसाठी सहा बाइटचा बफर होता, पाच अंक आणि एक शून्य अक्षर. लिहिणाऱ्याचे त्या काळी काही चुकले नव्हते, कारण त्या सर्व्हरांवर पीआयडी ३२७६७ च्या पुढे जात नसे. पुढे सर्व्हरची लिनक्स आवृत्ती बदलली आणि काही आठवड्यांनी क्रमांक सात अंकी झाले. १०४८२३१ हा पीआयडी फाइलमध्ये १०४८२ असा उतरला. एसएनप्रिंटएफने ७ हा आकडा परत देऊन जागा अपुरी असल्याचे सांगितले होते, पण ते परतमूल्य कोणी पाहिलेच नव्हते. डेमनवर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टने तो अर्धवट क्रमांक वाचला आणि डेमन पुन्हा सुरू करण्यासाठी १०४८२ ला थांबण्याचा संदेश पाठवला. त्या क्रमांकावर त्याच वापरकर्त्याच्या नावाने अहवाल तयार करणारी दुसरीच प्रोसेस चालू होती, ती निमूटपणे बंद पडली. डेमन मात्र सुरूच राहिला. दोन रात्री आम्ही अहवालाच्या प्रोसेसमध्ये दोष शोधत होतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चालू मशीनवर कर्नल किती मोठा क्रमांक देईल याकडे येतो. लिनक्सवर याचे उत्तर /प्रॉक/सिस/कर्नल/पिड_मॅक्स या फाइलमध्ये असते, आणि ती कर्नलच्या २.५.३४ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. फाइलमधील संख्या कमाल पीआयडीपेक्षा एकने मोठी असते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. तिथे ३२७६८ दिसले, तर सर्वांत मोठा पीआयडी ३२७६७ असतो. हा एकाचा फरक निरुपद्रवी वाटतो, पण ९९९९९ आणि १००००० यांत एका अंकाचा फरक पडतो, हे रकान्यांची रुंदी ठरवणाऱ्याला ठाऊक असते. पीएस ज्या संचात येते त्या प्रॉकपीएसच्या मजकुरात हीच फाइल वाचून, त्यातून १ वजा करून मग अंक मोजले जातात, आणि फाइल वाचता आली नाही तर पाच अंक गृहीत धरले जातात.

फाइल वाचण्याचे काम दहा-पंधरा ओळींचे आहे. ती एफओपनने उघडावी, एफगेट्सने एक ओळ ३२ बाइटच्या बफरमध्ये घ्यावी, फाइल बंद करावी, आणि वर सांगितलेल्या तपासण्यांसह स्ट्रटोलने संख्या काढून त्यातून १ वजा करावा. फाइल उघडली नाही, ओळ आली नाही किंवा संख्या विचित्र निघाली, तर फंक्शनने उणे १ परत द्यावा आणि पुढे काय करायचे ते बोलावणाऱ्याने ठरवावे. ही फाइल नेहमी असतेच असे नाही. चरूटमध्ये (मूळ फोल्डर बदलून चालवलेल्या वातावरणात) प्रॉक माउंट केलेले नसू शकते, आणि लहानशा इनिशियल रॅमडिस्कमध्येही ते उशिरा माउंट होते. जुन्या पुस्तकांत याच कामासाठी सिसकंट्रोल नावाची सिस्टीम कॉल सुचवलेली आढळेल. लिनक्समधून ती ५.५ आवृत्तीत काढून टाकण्यात आली आणि ग्लिबसीनेही तिचे फंक्शन २.३२ मध्ये वगळले, त्यामुळे तिच्या वाटेला जाऊ नये. कर्नलच्या स्रोतातील थ्रेड्स.एच या हेडरमधून स्थिरांक उचलण्याचा मोहही टाळावा, कारण तिथले आकडे कर्नल बांधतानाचे असतात. आपला प्रोग्राम ज्या मशीनवर चालणार आहे, तिची आजची स्थिती त्यांतून कळत नाही.

ही स्थिती किती निरनिराळी असू शकते ते पाहा. कर्नलचे मूळ गृहीत मूल्य ३२७६८ आहे, आणि ३२ बिटांच्या मशीनवर तीच कमाल मर्यादाही आहे. ६४ बिटांवर ते २ च्या २२ व्या घातापर्यंत, म्हणजे ४१९४३०४ पर्यंत वाढवता येते. शिवाय कर्नल सुरू होताना प्रत्येक संभाव्य सीपीयूमागे १०२४ असा हिशेब करतो, आणि ती संख्या ३२७६८ पेक्षा मोठी निघाली तर तीच घेतो, त्यामुळे ६४ गाभ्यांच्या सर्व्हरवर कोणी काही न करताच ६५५३६ दिसते. त्यानंतर सिस्टीमडी, म्हणजे मशीन सुरू होताना सेवा चालवणारी व्यवस्था, येते. तिच्या २४३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ६४ बिटांच्या मशीनवर ही मर्यादा सुरुवातीलाच ४१९४३०४ वर नेली जाते. आपल्याला पीएसमध्ये दोन लाखांच्या वरचे क्रमांक दिसले त्याचे कारण हेच, आणि हिंजवडीच्या त्या सर्व्हरवर घडले तेही हेच. याउलट, मेमरी वाचवण्याच्या पर्यायाने बांधलेल्या छोट्या एम्बेडेड कर्नलमध्ये गृहीत मूल्य फक्त ४०९६ असते. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात वाहनांच्या कंट्रोलरवर काम करणाऱ्यांना असा कर्नल भेटू शकतो. कर्नलच्या त्या हेडरमध्ये चाळीस लाख पीआयडी काही काळ पुरावेत, अशा अर्थाची एक टिप्पणी आहे. तिच्याच शेजारी आणखी एक मर्यादा नोंदवली आहे : फ्युटेक्स या लॉकसाठीच्या सोयीच्या रचनेत थ्रेडच्या (प्रोसेसमधील स्वतंत्र कामाच्या धाग्याच्या) क्रमांकासाठी ३० बिटच असल्यामुळे साधारण एक अब्जाच्या पुढे कधीच जाता येणार नाही.

क्रमांक वाटण्याची पद्धत समजली की बऱ्याच शंका आपोआप मिटतात. पुण्याच्या आरटीओत एमएच १२ च्या एका मालिकेत ९९९९ पर्यंतचे क्रमांक संपले की पुढची अक्षरे घेऊन नवी मालिका सुरू होते. कर्नलकडे अशी पुढची अक्षरे नाहीत. तो पुढे पुढे क्रमांक देत जातो, मर्यादेला पोहोचला की मागे फिरतो, आणि मोकळे झालेले क्रमांक नव्या प्रोसेसना देऊ लागतो. मागे फिरल्यावर तो १ पासून सुरुवात करत नाही. सुरुवातीचे ३०० क्रमांक मशीन चालू होतानाच्या प्रोसेससाठी बाजूला ठेवून तो ३०० पासून पुढे शोधतो. त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे नवी प्रोसेस, हे समीकरण एक फेरी पूर्ण झाली की निकालात निघते.

त्यात भर अशी की लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडलाही याच साठ्यातून क्रमांक मिळतो. दोनशे थ्रेड चालवणारी एक प्रोसेस पीएसच्या साध्या यादीत एका ओळीची दिसते, पण ती दोनशे क्रमांक अडवून बसलेली असते. पिड_मॅक्स ही म्हणूनच केवळ क्रमांकाची मर्यादा नाही. ती संपूर्ण प्रणालीतील प्रोसेस आणि थ्रेड यांच्या एकत्रित संख्येचीही मर्यादा ठरते.

इथे सिसकॉन्फच्या आकड्याचा खुलासा करतो. चाइल्ड_मॅक्स हे एका खऱ्या वापरकर्ता क्रमांकाला एका वेळी किती प्रोसेस चालवता येतील याचे माप आहे, आणि ग्लिबसी ते आरलिमिट_एनप्रॉक या मर्यादेवरून सांगते. बॅशमध्ये यूलिमिट उणे यू लिहून आपण जी पाहतो तीच ही मर्यादा. तिचे सुरुवातीचे मूल्य कर्नल थ्रेड्स-मॅक्सच्या (संपूर्ण प्रणालीतील थ्रेडांच्या कमाल संख्येच्या) निम्मे ठेवतो, आणि थ्रेड्स-मॅक्स असा ठरवला जातो की थ्रेडसाठी लागणाऱ्या रचनांनी एकूण रॅमच्या एक अष्टमांशाहून अधिक जागा व्यापू नये. आपल्या मशीनवर साधारण १६ जीबी रॅम असावी, कारण तेवढ्या रॅमवर हा हिशेब ६३ हजारांच्या जवळ येतो. म्हणजे आपण क्रमांकाची उंची विचारली आणि उत्तर रॅमवरून आले. सिसकॉन्फने उणे १ दिला आणि एररनो बदलला नाही, तर त्याचा अर्थ चूक असा होत नाही, निश्चित मर्यादा नाही असा होतो. हा फरक ओळखण्यासाठी एररनो आधी शून्य करून ठेवावा लागतो. गेटआरलिमिट थेट वापरल्यास अमर्याद हे मूल्य स्वतंत्रपणे तपासावे, नाहीतर लॉगमध्ये वीस अंकी संख्या छापली जाते.

'मला आणखी किती प्रोसेस काढता येतील' असा ज्यांचा प्रश्न आहे, त्यांना पिड_मॅक्सचा उपयोग थोडाच होतो, कारण बहुतेक वेळा दुसरीच एखादी भिंत आधी आडवी येते. वापरकर्त्याची मर्यादा झाली, थ्रेड्स-मॅक्स झाला, आणि हल्ली सर्वांत जास्त वेळा आडवा येतो तो सीग्रुपमधील (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीतील) पिड्स.मॅक्स. हा नियंत्रक कर्नलच्या ४.३ आवृत्तीत आला. त्याच्या फाइलमध्ये एक संख्या असते किंवा मॅक्स हा शब्द असतो, म्हणून नुसते स्ट्रटोल करून भागत नाही. आपला सीग्रुप कोणता हे /प्रॉक/सेल्फ/सीग्रुप या फाइलमधून कळते. दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपची ओळ तिथे शून्य आणि दोन अपूर्णविरामांनी (कोलन) सुरू होते. मर्यादा केवळ स्वतःच्या सीग्रुपची लागू होत नाही, वरच्या प्रत्येक पूर्वजाचीही लागू होते, त्यामुळे मुळापर्यंत चढत जाऊन सर्वांत लहान संख्या घ्यावी लागते. सिस्टीमडीने चालवलेल्या सेवेला ही मर्यादा न मागताच मिळते. पिड_मॅक्स, थ्रेड्स-मॅक्स आणि मुळाच्या सीग्रुपची मर्यादा यांतील सर्वांत लहान संख्येच्या १५ टक्के असा तिचा हिशेब आहे. पिड_मॅक्स ३२७६८ असलेल्या मशीनवर सेवेच्या स्थितीत ४९१५ हा आकडा दिसतो, आणि हा कुठून आला असे मला अनेकांनी विचारले आहे. तो इथून आला.

यांतल्या कोणत्या भिंतीला धक्का लागला हे फोर्क सांगत नाही. वापरकर्त्याची मर्यादा, थ्रेड्स-मॅक्स, सीग्रुप किंवा संपलेले पीआयडी, काहीही कारण असले तरी एररनोमध्ये ईअगेन हा एकच कोड मिळतो. सीग्रुपमुळे नकार मिळाला असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये तसा उल्लेख सापडतो, म्हणून आधी तिथे पाहावे. मर्यादा शोधण्यासाठी फोर्क अयशस्वी होईपर्यंत लूप चालवण्याची कल्पना दर वर्षी एखाद्या नव्या विद्यार्थ्याला सुचतेच. स्वतःच्या लॅपटॉपवर तो प्रयोग एकदा करायला माझी हरकत नाही, पण प्रयोगशाळेच्या सामायिक सर्व्हरवर तो केला, तर लॉगिन करून त्याला थांबवण्यासाठी लागणारी प्रोसेसही कोणाला काढता येत नाही. एवढे करून मिळणारा आकडा वर सांगितलेल्या भिंतींपैकी कोणत्या भिंतीचा, ते कळत नाही ते नाहीच.

कंटेनरच्या बाबतीत पीआयडी नेमस्पेस, म्हणजे पीआयडींचा स्वतंत्र संच, लक्षात घ्यावी लागते. एमएच १२ आणि एमएच १४ मध्ये तेच चार अंक दोन वेगळ्या गाड्यांवर असतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही, तसेच हे आहे. कंटेनरमधील पहिल्या प्रोसेसला गेटपिड १ सांगतो, आणि यजमान मशीनवर तिचाच क्रमांक दहा लाखांच्या पुढचा असू शकतो. म्हणून कंटेनरमधून लिहिलेली पीआयडीची फाइल यजमानावरच्या स्क्रिप्टने वाचू नये. पिड_मॅक्स फार काळ संपूर्ण मशीनसाठी एकच होता, त्यामुळे कंटेनरमध्ये वाचलेला आकडाही यजमानाचाच असे. कर्नलच्या ६.१४ आवृत्तीपासून तो प्रत्येक नेमस्पेससाठी वेगळा ठेवता येतो. ३२ बिटांचे काही जुने प्रोग्राम लहान क्रमांकांवरच चालतात, त्यांना आता स्वतंत्र कंटेनरमध्ये लहान मर्यादा देता येते.

लिनक्सच्या बाहेरचे थोडक्यात सांगतो. फ्रीबीएसडीवर कमाल पीआयडी ९९९९९ आहे आणि कर्न.पिड_मॅक्स हे मूल्य सिसकंट्रोलबायनेम या फंक्शनने मिळते. मॅकओएसच्या कर्नलमध्येही ९९९९९ हीच मर्यादा आहे, पण ती कर्नलच्या अंतर्गत हेडरमध्ये आहे. तिथे कर्न.मॅक्सप्रॉक विचारले तर प्रोसेसची संख्या मिळते, म्हणजे पुन्हा तोच जुना गोंधळ. सोलारिसवर पिडमॅक्स मूळात ३०००० असतो आणि तो ९९९९९९ पर्यंत वाढवता येतो. ओपनबीएसडी क्रमांक ओळीने न देता यादृच्छिक देते, त्यामुळे नुकत्याच मिळालेल्या पीआयडीवरून मर्यादेचा अंदाज बांधण्याची युक्ती तिथे फसते. चार-पाच प्रणालींवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये या प्रत्येकीसाठी वेगळी शाखा लिहावी लागते, आणि अनोळखी प्रणालीसाठी पिड_टीच्या कमाल संख्येवर येऊन थांबावे लागते. ती शेवटची शाखाच पुरेशी आहे असे लिहिता लिहिता बहुतेकांच्या लक्षात येते.

काही जण ही मर्यादा वेगळ्या कारणासाठी विचारतात : पीआयडीलाच निर्देशांक मानून एक सपाट ॲरे करायचा असतो. ३२७६८ नोंदी आणि प्रत्येकी आठ बाइटचा पॉइंटर असेल तर २५६ केबी लागतात, आणि ते कोणाला खुपत नाही. तोच ॲरे ४१९४३०४ नोंदींचा केला की ३२ एमबी होतो. फक्त 'आहे की नाही' एवढेच नोंदवायचे असेल आणि एकेक बिट पुरत असेल, तर ५१२ केबीत भागते. पण मेमरी ही यातली मोठी अडचण नाही. पिड_मॅक्स ही रूटने केव्हाही बदलावी अशी संख्या आहे. आपण ती सुरुवातीला वाचली आणि तासाभराने कोणी वाढवली, तर पुढचा क्रमांक ॲरेच्या बाहेर जातो. ती कमी केली तरी आधीपासून चालू असलेल्या मोठ्या क्रमांकाच्या प्रोसेस तशाच चालू राहतात, म्हणजे कमी केल्यानंतर सुरू झालेल्या प्रोग्रामलाही मर्यादेपेक्षा मोठा पीआयडी भेटू शकतो. अशा ठिकाणी हॅश टेबल वापरावे, ते शक्य नसेल तर निदान प्रत्येक निर्देशांक आकाराशी ताडून पाहावा.

पीआयडी दुसऱ्या एखाद्या ओळखक्रमांकात कोंबण्याची सवयही याच जातीची आहे. मोंगोडीबीच्या ऑब्जेक्टआयडीत पूर्वी प्रोसेस क्रमांकासाठी दोन बाइट राखलेले होते. दोन बाइटमध्ये ६५५३५ पर्यंतच मावते, त्यामुळे मोठ्या क्रमांकाचे वरचे बिट गळून पडतात आणि वेगळे पीआयडी सारखे दिसू लागतात. पुढे त्या रचनेत मशीन आणि प्रोसेस यांच्या जागी पाच बाइटची यादृच्छिक संख्या आली. वेगळेपणच हवे असेल तर तेच योग्य आहे.

शेवटी आपल्या लॉक फाइलविषयी. क्रमांक कितीही नीट लिहिला आणि वाचला, तरी तो वाचणे आणि त्या प्रोसेसला संदेश पाठवणे यांच्या मधल्या काळात मूळ प्रोसेस संपून तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मर्यादा ४१ लाखांवर नेल्याने असे घडण्याची शक्यता घटते, नाहीशी होत नाही. लिनक्सवर ५.३ आवृत्तीपासून पिडएफडी_ओपन आहे. तिच्याने उघडलेले डिस्क्रिप्टर त्या एका प्रोसेसचेच राहते, त्यामुळे ते मिळाल्यावर ही आपलीच प्रोसेस आहे याची खात्री करून घ्यावी आणि मगच त्यातून संदेश पाठवावा. ही खात्री /प्रॉकमधील त्या प्रोसेसच्या स्टॅट फाइलमधून करता येते. तिच्या २२ व्या रकान्यात प्रोसेस सुरू झाल्याची वेळ असते.

'दुसरी प्रत आधीच चालू आहे का' एवढाच प्रश्न असेल, तर क्रमांकावर विसंबण्याची गरजच नाही. फाइलवर एफकंट्रोलने लेखन-लॉक घ्यावे. डेमन कसाही मेला तरी कर्नल ते लॉक सोडवतो, आणि एफ_गेटएलके विचारले तर लॉक कोणत्या पीआयडीकडे आहे हे कर्नल स्वतःच सांगतो. दोन पथ्ये पाळावीत. हे लॉक फोर्कमधून मुलाकडे जात नाही, म्हणून डेमन होण्यासाठीचे सगळे फोर्क संपल्यावरच ते घ्यावे. आणि त्याच प्रोसेसने ती फाइल दुसऱ्या डिस्क्रिप्टरने उघडून बंद केली तरी लॉक सुटते, म्हणून ती पुन्हा उघडू नये.

त्यानंतर फाइलमध्ये पीआयडी लिहायचा तो मशीन सांभाळणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी. फाइल उघडताना ती रिकामी करण्याचा पर्याय देऊ नका, नाहीतर लॉक न मिळालेली दुसरी प्रत पहिलीचा मजकूर पुसून टाकेल. लॉक मिळाल्यावर मात्र एफट्रंकेटने लांबी शून्य करा आणि मगच लिहा, कारण मागच्या खेपेचा १०४८२३१ तिथे असताना त्यावर नुसते ९१२ लिहिले, तर फाइलमध्ये ९१२८२३१ उरते, आणि एवढा मोठा पीआयडी आपल्या मशीनवर निघूच शकत नाही.